सत्तर वजा

शेषराव मास्तरांच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ सत्तर मिनिटं पुढे होतं आणि ही गोष्ट देऊळगाव राजातल्या त्या गल्लीत लहान पोरापासून सगळ्यांना ठाऊक होती. गल्लीत दुसरं घड्याळ नव्हतं. मास्तरांचं घड्याळ मात्र असं खणखणीत टोले द्यायचं की चार घरांत ऐकू जावं. घड्याळाने सात ठोकले की समोरची चांदबी चुलीपाशी पुटपुटायची, "सात, म्हंजे पाच पन्नास," आणि चहाचं आधण ठेवायची. शेजारच्या बिनखिडकीच्या खोलीत इंद्रभान ड्रायव्हर भाड्याने राहायचा. बुलढाण्याची साडेसहाची पहिली एसटी त्याच्या ताब्यात होती. सहाचे टोले पडले की तो "पाचले दहा कमी" असं म्हणून कूस बदलायचा आणि सातचे पडले की उठायचा. दोन वर्षांत त्याची गाडी एकदाही उशिरा सुटली नव्हती. त्या गल्लीतली पोरं हातच्याची वजाबाकी फार लवकर शिकतात, हे शेषरावांच्या शाळेत लक्षात आलं होतं. त्याचं कारण मात्र त्यांनी कधी वर कळवलं नाही.

घड्याळ मुळात असं नव्हतं. लग्नात सासऱ्यांनी दिलं तेव्हा ते सरळमार्गी होतं. पण शेषराव रोज शाळेत उशिरा पोचतात हे पाहून कोकिळाबाईंनी एका दिवाळीत काटा गुपचूप अर्धा तास पुढे सरकवला. शेषराव तीन दिवस वेळेवर गेले. चौथ्या दिवशी त्यांना शंका आली आणि पाचव्या दिवसापासून ते मनातल्या मनात तीस वजा करू लागले. बाईंनी आणखी वीस मिनिटं वाढवली. मास्तरांनी पन्नास वजा केले. असं करत करत प्रकरण सत्तरावर येऊन थांबलं, कारण त्यापुढची वजाबाकी दोघांनाही तोंडी जमेना.

शेषरावांना मॅट्रिक व्हायचं होतं. गेली नऊ वर्षं व्हायचं होतं. पहिली तीन-चार वर्षं नुसतं ठरवण्यातच गेली. महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा ते कोकिळाबाईंना म्हणाले होते, "आता नवीन राज्य आलं, आता बसतोच परीक्षेले." दोन वर्षांनी शाळा जिल्हा परिषदेकडे गेल्या तेव्हा म्हणाले, "नवा कारभार जरा बसू दे, मंग मी बसतो." चीनने आक्रमण केलं त्या वर्षी देश संकटात असताना आपण बीजगणित सोडवत बसावं, हे त्यांच्या मनाला पटेना. त्यानंतरची दोन वर्षं मात्र कसल्याच कारणाशिवाय गेली, आणि त्यांची त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटायची.

माणूस आळशी नव्हता. त्याला फक्त सुरुवात पूर्णांकावर करायची असे. पहाटे पाचला अभ्यासाला बसायचं ठरवावं आणि डोळे उघडेपर्यंत पाच वाजून चार मिनिटं व्हावीत. असल्या फुटक्या वेळेला बसण्यात काय अर्थ? मग सहा. सहाला चहा. मग उद्या. उद्या मंगळवार, मंगळवारी नवीन काम धरू नये. गुरुवारी महिन्याची तेवीस तारीख, मग पहिलीपासूनच केलेलं काय वाईट? पहिलीपासून करायचं तर वेळापत्रक नको का?

वेळापत्रक ही शेषरावांची खरी कला. कार्डशीटवर लाल आणि निळ्या शाईने चौकटी आखायच्या, बोरूने मथळा काढायचा, रविवारच्या रकान्यात 'उजळणी' असं तिरप्या अक्षरात लिहायचं. एक वेळापत्रक करायला चार दिवस लागत. ते भिंतीवर लागेपर्यंत त्यातले पहिले चार दिवस वाया गेलेले असत, म्हणून मग नवीन करावं लागे. उरलेल्या वेळात ते वहीच्या मागच्या पानांवर सही घटवत: 'शे. क. जायभाये, मुख्याध्यापक.' 'मु'च्या उकाराला त्यांनी एक डौलदार वळण दिलं होतं. ती सही आता निजून उठल्यावरही एका दमात जमत असे.

ती खुर्ची खरोखरच जवळ आली होती. हेडमास्तर भगवानराव गुरुजी येत्या जूनमध्ये निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी मॅट्रिक झालेलाच माणूस बसणार होता. शाळेत एकही मॅट्रिक नव्हता. तेव्हा शेषराव मार्चमध्ये पास झाले तर खुर्ची घरात, नाही तर बाहेरगावचा कोणी येऊन बसणार. म्हणून यंदा परीक्षेचा फॉर्म गुरुजींनीच आणला, स्वतःच्या हाताने भरला आणि शेषरावांच्या पुढ्यात ठेवला.

"उद्या सही करून देतो गुरुजी."

"आता कर. फॉर्म माहा, पेन माहं, शाई माही. हात तेवढा तुहा लाव."

शेषरावांनी सही केली. सवयीने खाली 'मुख्याध्यापक' लिहिणार होते, पण गुरुजींनी वेळीच कागद ओढून घेतला.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी गुरुजी घरी आले आणि भिंतीकडे बघत उभे राहिले.

"हे कितवं?"

"अकरावं," शेषराव म्हणाले.

"अक्षर लय सुंदर हाय." गुरुजी खाली बसले. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "शेषराव, एकतीस वर्षं पोरं शिकवली मी. ढ पोराचं मले कधी वाईट नाही वाटलं. ज्याले येतच नाही त्याचं काय वाईट वाटून घ्याचं? तुहं वाटते. तुले सारं येते अन् तू बसत नाहीस. माह्या खुर्चीत दुसऱ्या गावचा मानूस बसलेला मले पाहाचा नाही, बस."

कोकिळाबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. गुरुजी गेल्यावर शेषरावांनी अकरावं वेळापत्रक काढून गुंडाळलं आणि घड्याळाकडे न बघता पुस्तक उघडलं. पुढचे तीन आठवडे हा माणूस खरोखर बसला. भीतीने म्हणा, लाजेने म्हणा. पण बसला आणि आश्चर्य म्हणजे त्याला सगळं येत होतं.

पहिला पेपर सोमवारी अकरा वाजता बुलढाण्याला, गणिताचा. साडेसहाची एसटी साडेनवापर्यंत पोचवत असे. गुरुजींनी शनिवारीच बजावलं होतं, "मी सहापासून स्टँडवर उभा राह्यतो. ये टायमावर."

आता कोकिळाबाईंच्या मनात एक भीती शिरली. एवढी वर्षं वजाबाकी चालली ते ठीक. पण परीक्षेच्या दिवशी, डोक्यात भूमितीचा गोंधळ असताना, नवऱ्याने सत्तरऐवजी साठ किंवा ऐंशी वजा केले तर? त्या दिवशी तरी घरात खरी वेळ असावी. रविवारी शेषराव समाजमंदिरात निवांत वाचायला गेले असताना त्यांनी घड्याळ उतरवलं, लुगड्याच्या जुन्या धडप्यात गुंडाळलं आणि बाजारपेठेत फकीर मोहम्मद घड्याळजींच्या दुकानात नेलं.

फकीर मोहम्मदांनी डोळ्याला भिंग लावलं. "सत्तर मिनिट पुढं? भाभी, ये घडी हाय का पंचांग?"

"तेलपानी करा भाईजान, अन् बरोबर टायम लावून द्या. उद्या यांचा पेपर हाय."

"असं मिळवून देतो, मास्तर पास होईपर्यंत एक मिनिट इकडचा तिकडं होनार नाही."

घड्याळ दुपारी परत भिंतीवर लागलं. बाईंनी ठरवलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी शेषराव आले ते थेट पुस्तकात. एवढ्या वर्षांत न दिसलेलं दृश्य समोर होतं, ते मोडायला बाईंचं मन धजेना. जेवताना सांगू. जेवतानाही ते ताटाशेजारी वही ठेवून बसले होते. मग सकाळी सांगू. नवऱ्याबरोबर चौदा वर्षं संसार केला होता. त्यातलं थोडंफार अंगाला लागणारच.

सकाळी त्या चारला उठल्या तेव्हा शेषराव आधीच उठून आतल्या खोलीत कंदिलाशी बसले होते. दार लोटलेलं, पुढ्यात भूमिती. बाईंनी बालाजीला नारळ बोलला होता. बाहेर आभाळ भरून आलं होतं, पहाट झाली की नाही तेही कळत नव्हतं. पिशवी हातात घेऊन त्यांनी दारातून डोकावलं.

"म्या देवळात जाऊन राह्यले. तुमी सहाले निघजा बरं."

"हाव."

"सहा म्हंजे सहा."

"हाव म्हनलं ना. आता मधात बोलू नको, सिद्धांत चालू हाय."

बाई गेल्या. सांगायचं होतं ते सिद्धांताच्या पलीकडे राहिलं.

सहाचे टोले पडले. शेषरावांनी मान वर न करता वजाबाकी केली: चार पन्नास. अजून तास दीड तास हातात. शेजारच्या खोलीत इंद्रभानने तीच वजाबाकी केली आणि कांबळं डोक्यावर ओढलं. समोर चांदबीने फक्त कूस बदलली. त्या सकाळी गल्लीतल्या कुणाचंही गणित चुकलं नव्हतं.

शेषराव वर्तुळाच्या स्पर्शिकेवर होते. इतकी वर्षं त्यांना घाम फोडणारी ती स्पर्शिका आज अचानक शहाण्यासारखी वागू लागली होती. एका सिद्धांतातून दुसरा आपोआप निघत होता. अभ्यासात अशी गोडी असते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, म्हणजे गुरुजींनी सांगितलं होतं, पण त्यांनी ऐकलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं मन पुस्तकात लागलं, आणि ज्या सकाळी लागायला नको होतं नेमकं त्याच सकाळी लागलं.

बाहेरून हाक आली, "मास्तर! ओ मास्तर!"

शेषराव बाहेरच्या खोलीत आले. खिडकीत फकीर मोहम्मद उभे होते, हातात दुधाचा लोटा. "तुमी आजून घरीच? आज पेपर हाय ना?"

"हाय ना. पन आता कुठं पावणेसहा होऊन राह्यले," शेषराव भिंतीकडे बघत म्हणाले. काटे सात वाजायला पाच कमी दाखवत होते.

"पावणेसहा? अजी काय बोलून राह्यले तुमी! सातला पाच कमी हाय. मीच तर काल बरोबर करून दिलं. भाभीनं सांगितलं नाही का?"

शेषरावांना आधी अर्थ लागला नाही. मग सत्तर मिनिटं एकदम अंगावर आली. त्यांनी भूमिती पिशवीत कोंबली, चपला हातातच घेतल्या आणि पळत सुटले. शेजारच्या दाराआडून कुणी तरी मजबूत घोरत होतं. ते त्यांना ऐकूही आलं. पण ज्याची गाडी चुकली त्याला दुसऱ्याच्या झोपेची चौकशी करायला सवड नसते.

गल्लीच्या तोंडाशी ते थांबले. डावीकडे स्टँड. पण गाडी साडेसहाला गेलेली असणार आणि स्टँडवर गुरुजी उभे असणार, सहापासून. रिकाम्या स्टँडवर त्या माणसाला तोंड कसं दाखवायचं? पुढची गाडी दहाची, तिचा उपयोग शून्य. उजवीकडे गावाबाहेर जिनिंग होतं आणि तिथून रोज सकाळी रुईच्या गाठींचा ट्रक चिखलीवरून खामगावला जायचा. शेषरावांनी क्षणाचाही विलंब लावला नाही. हे वाक्य त्यांच्याबद्दल लिहायची वेळ पहिल्यांदाच येते आहे. ते उजवीकडे वळले.

ट्रक निघतच होता. वहाब ड्रायव्हरने त्यांना नखशिखान्त न्याहाळलं.

"मास्तर, परीक्षा पोरांची का तुमची?"

"माही. चिखलीपरेंत सोड बाबा. लौकर."

"पुढं दोघं हायेत, जागा नाही. वर गाठीवर बसा. पन धरून बसा, मास्तर, खाली पडान तं पेपर माह्या नावावर येईन."

शेषराव गाठींवर चढले. ट्रक हलला आणि त्यांच्या जीवात जीव आला. वाऱ्यावर बसल्या बसल्या त्यांनी मनाशी शपथ घेतली की इथून पुढे असंच जगायचं, ठरवलं की निघायचं. देऊळगाव महीच्या अलीकडे धाडकन आवाज झाला आणि ट्रक एका अंगाला कलला.

"टायर गेलं," वहाब खाली उतरून म्हणाला. "अर्धा तास. फार तं पाऊण."

ट्रकला टेकू लागला. शेषराव वरच बसून राहिले आणि रिकामा वेळ मिळालाच आहे तर म्हणून त्यांनी पुस्तक काढलं. सकाळचा सिद्धांत अर्ध्यात तुटला होता, तो त्यांना बोलावत होता. शेवटच्या चार ओळी राहिल्या असताना मागून धुराळा उडवत एक एसटी येताना दिसली.

"मास्तर," खालून वहाब ओरडला, "बस येऊन राह्यली! उतरा, हात दाखवतो!"

शेषरावांनी बसकडे एकवार पाहिलं. जालन्याहून येणारी कुठली तरी असणार. चार ओळी. एवढा सिद्धांत झाला की उतरू. "येईन मागून दुसरी," ते म्हणाले आणि सिद्धांत संपवला. फार सुरेख संपला. मान वर केली तेव्हा बस पुढच्या वळणापाशी होती आणि तिच्या टपावर कुणाचा तरी पलंग उलटा बांधलेला दिसत होता. काय माणसं असतात, शेषरावांच्या मनात आलं, आठ वाजून गेले तरी अजून देऊळगाव महीपाशीच. सकाळी वेळेवर निघायला काय होतं यांना?

मागून दुसरी आली नाही. टायर बदलायला सव्वा तास लागला. चिखलीला साडेदहा वाजले. बुलढाण्याची गाडी अकराला सुटली. वाटेतल्या चढावर ती अशी घरघरत होती की शेषरावांना खाली उतरून ढकलावीशी वाटली. केंद्राच्या फाटकाशी ते पोचले तेव्हा बारा वाजायला पाच कमी होते. हे घड्याळ सरकारी होतं. यातून वजा करायला काही नव्हतं.

फाटक बंद. शिपायाने गजांतूनच सांगितलं, "अर्धा तास झाला की आत सोडत नाहीत. तुमच्यासाठी साहेबांनी दहा मिनिटं जास्त फाटक उघडं ठेवलं होतं."

"माह्यासाठी? मले कोन ओळखते इथं?"

शिपायाने मान वळवून लिंबाच्या झाडाकडे दाखवलं.

झाडाखालच्या दगडावर भगवानराव गुरुजी बसले होते. कोट, टोपी, हातात काठी. मांडीवर शिदोरीचं फडकं. ते उठले नाहीत.

"आला का," ते म्हणाले.

"गुरुजी, तुमी इथं? कसे आले?"

"साडेसहाच्या गाडीनं."

"म्हंजे गाडी..."

"साडेसहाची गाडी सातचाळीसले सुटली. इंद्रभानची झोपच उघडली नाही. स्टँडवर सारे शिव्या देऊन राह्यले होते. तो पळत आला अन् म्हने, मास्तरच्या घड्याळानं घात केला, टोले ऐकून सत्तर वजा केले अन् झोपलो. साडेदहाले आनून टाकलं त्यानं इथं. वाटेत कुठंच थांबला नाही बिचारा." गुरुजींनी काठीने मातीत एक रेघ ओढली. "मी तुह्यासाठी खिडकीची जागा धरली होती. रुमाल टाकून."

शेषराव उभेच होते. देऊळगाव महीच्या अलीकडची ती धूळ आता त्यांच्या डोळ्यांत आली.

"गुरुजी, त्या गाडीच्या टपावर पलंग होता का?"

"होता. तुले कसं ठाव?"

शेषरावांनी खांद्यावरची धूळ झटकली. सगळ्याच गोष्टी गुरुजींना सांगायच्या असतात असं नाही.

"कंडक्टर म्हने, तुमचे मास्तर काही येत नाहीत," गुरुजी सांगत होते, जसं काही दुसऱ्याच कुणाबद्दल. "मी म्हनलं, थांब. गाडी उशिरा हाय ना? मंग काही घोर नाही. हा उशिरा येनारा मानूस हाय, गाडी अन् तो बरोबर एका टायमाले येतीन. शेषराव, नऊ वर्षं मी तुह्या आळसाले बोल लावला. आज पहिल्यांदा त्याच्यावर भरोसा ठेवला. अन् आजच काऊन घाई केली रे बाबा तू?"

आत दोनशे टाक चालत असल्यासारखी शांतता होती. गुरुजींनी शिदोरी सोडली. दोन भाकरी, मिरचीचा ठेचा आणि एका पुडीत दही-साखर, पेपराला जाताना तोंडात घालायला. दही-साखर तशीच राहिली. बाकीचं दोघांनी फाटकाकडे पाठ करून खाल्लं. दोन तासांनी पोरं बाहेर आली तेव्हा शेषरावांनी एकाकडून प्रश्नपत्रिका मागून पाहिली. तिसरा प्रश्न स्पर्शिकेचा होता. त्यांनी ती घडी करून पोराला परत दिली.

संध्याकाळी कोकिळाबाई ओट्यावरच उभ्या होत्या. देवळातला नारळाचा तुकडा हातात.

"कसा गेला पेपर?"

"गाडी चुकली."

"असं कसं होईन?" त्यांचा चेहरा उतरला. "घड्याळ तं बरोबर होतं!"

"हाव," शेषराव चपला काढत म्हणाले. "घड्याळ बरोबर होतं."

बाईंना समजायला थोडा वेळ लागला. मग त्या मटकन उंबऱ्यातच बसल्या. "म्या सांगनार होते हो. रातीच सांगनार होते. तुमी वाचून राह्यले होते, मले वाटलं सकाळी सांगू..."

"जाऊ दे. मले पन असंच वाटते नेहमी."

रडू आवरून बाई आत गेल्या आणि त्यांनी घड्याळाचा लंबक बोटाने धरून थांबवला. उद्यापासून जिनिंगचा आठचा भोंगा ऐकून जगू, म्हणाल्या. दिवेलागणीला इंद्रभान मेमो मिळाल्याचं सांगायला आणि घड्याळ होतं तसं पुढं करा म्हणून विनवायला आला. पण बंद पडलेलं घड्याळ पाहून तो टोपी हातात घेऊन दारातच थांबला, मयताच्या घरी थांबावं तसा, आणि तसाच परत गेला.

जूनमध्ये गुरुजी निवृत्त झाले. त्यांच्या खुर्चीवर मेहकरकडचा एक तेवीस वर्षांचा तरुण आला. मॅट्रिक, हसतमुख, वागायला चांगला. त्याच्यावर चिडायलाही जागा नव्हती. पहिल्याच दिवशी तो शेषरावांच्या वर्गात आला.

"मास्तर, तुमचं अक्षर फार छान आहे म्हणतात. शाळेचं वर्षाचं वेळापत्रक तुम्हीच करा ना. सवडीनं करा, घाई नाही."

शेषरावांनी ते त्याच दुपारी केलं. लाल चौकटी, निळी अक्षरं, बोरूने मथळा. सगळ्यात खाली उजव्या कोपऱ्यात 'मुख्याध्यापक' लिहून झालं, 'मु'चं वळणही नेहमीसारखं डौलदार आलं. वरची सहीची जागा त्यांनी कोरी सोडली आणि कागद नव्या साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. देऊळगाव राजाच्या त्या शाळेत पहिल्यांदाच वेळापत्रक वेळेवर लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधार विरायच्या आधीच, ओट्यावर काठी वाजली. शेषरावांनी दार उघडलं. भगवानराव गुरुजी ओट्यावर बसले होते, हातात परीक्षेचा कोरा फॉर्म, अंगात कोट, शाळेत निघाल्यासारखे.

"घरी झोप येत नाही," ते म्हणाले. "एकतीस वर्षांची सवय. म्हनलं तुह्या ओट्यावर बसू. तू आत वाच, मी इथं बसतो."

शेषराव आत जाऊन पुस्तक आणि कंदील घेऊन आले आणि गुरुजींच्या शेजारीच बसले. पान उघडलं. मग सवयीने मान वळवून भिंतीकडे पाहिलं. काटे मार्चमधल्या त्या संध्याकाळवरच उभे होते.

"गुरुजी, किती वाजले असतीन?"

गुरुजींनी आभाळाकडेही पाहिलं नाही.

"उशीर झाला हाय," ते म्हणाले. "वाच."